दाजींचे शिपाई

स्वतःच्या शेंबडावर आमच्या दाजींइतका अढळ विश्वास असलेला माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. लोक देवावर विश्वास ठेवतात, पुढाऱ्यांवर ठेवतात, अगदीच नाइलाज झाला तर मुलांवर ठेवतात. दाजींनी तो शेंबडावर ठेवला होता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मखमलाबादच्या पुढे त्यांचा दोन एकरांचा फुलांचा मळा आहे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. उजाडायच्या आत फुलं तोडायची, पंचवटीतल्या बाजारात पोचवायची आणि दहाच्या सुमारास घरी येऊन ओट्यावर बसायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. एकदा का ते ओट्यावर बसले, की समोर येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो पाहुणा असो, पोस्टमन असो की खताच्या दुकानातला माणूस असो, आपलं शरीर रोगांशी कसं लढतं यावरचं व्याख्यान ऐकल्याशिवाय चहा मिळत नसे.

ही विद्या त्यांना कुठे मिळाली ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. माझी भाची शाळेत होती तेव्हा एकदा दाजी तिच्या विज्ञानाच्या पुस्तकाला कव्हर घालायला बसले. कव्हर राहिलं बाजूला आणि दाजी पुस्तकच वाचत बसले. पांढऱ्या पेशींच्या धड्यापाशी जे अडकले ते आजतागायत सुटलेले नाहीत. त्याच्या मागचा धडाही त्यांनी वाचला नाही आणि पुढचाही नाही. भाची शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन बंगळूरला गेली. पुस्तक मात्र अजून ओट्यावरच्या कोनाड्यात आहे आणि त्याला अजूनही कव्हर नाही.

"आपलं अंग म्हणजे गाव हाय, मास्तर," असं त्यांचं व्याख्यान सुरू होई. मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणून मी मास्तर. "कातडी म्हणजे गावाची वेस. शेंबूड म्हणजे वेशीवरचा चिखल. चोर आला की रुतलाच त्याच्यात. त्यातून निसटून पोटात गेला, तर तिथं असलं जालीम आंबट पाणी हाय, की पडला का मेला. आणि एवढं करूनबी कोणी घुसलाच, तर आत शिपाई बसेल हाय. लय शिपाई. चोवीस तास ड्युटी, सुट्टी नाय, पगार नाय."

"आणि पेन्शन?" मी एकदा विचारलं.

"तू मराठीचा मास्तर, तुला काय कळणार?" असं म्हणून त्यांनी माझा चहा अर्धा तास लांबवला.

सर्दी झालेला माणूस दिसला, की दाजींचा चेहरा उजळत असे. "रंग कसला हाय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. पाण्यासारखा असला तर शिपाई नुकतेच निघालेत, पिवळा झाला तर लढाईला तोंड लागलं, हिरवट झाला म्हणजे शिपायांनी जीव तोडून मारामारी केली, असं त्यांचं पंचांग होतं. निफाडला एका लग्नात आम्ही पंगतीला बसलो होतो. शेजारी वरपक्षाकडचे एक बडे द्राक्ष बागायतदार. त्यांनी रुमाल काढून नाक पुसलं मात्र, दाजींनी वाकून अत्यंत आपुलकीने तोच प्रश्न विचारला. गृहस्थ भले. त्यांनी खरं उत्तर दिलं. दाजींनी पिवळ्या रंगाचा अर्थ साग्रसंगीत उलगडून सांगायला घेतला तेव्हा त्या गृहस्थांच्या हातात केशर घातलेल्या बासुंदीची वाटी होती. त्यांनी ती खाली ठेवली ती ठेवलीच. मग ताईने घरी येईपर्यंत दाजींशी अबोला धरला.

मला एकदा मानेवर मोठं गळू झालं होतं. ते फुटलं तेव्हा मी नेमका ताईकडे होतो. कापसावरचा पू बघून मी तोंड फिरवलं, तर दाजी कडाडले. "तोंड कशाला वाकडं करतो? घाण नाय ती. तुझ्यासाठी लढता लढता मेलेले शिपाई हाय ते. हात जोड." मी एम. ए. बी. एड. झालेला माणूस, त्या कापसाच्या बोळ्यापुढे खरोखर हात जोडून उभा राहिलो. दाजींपुढे माणसाचं काही चालत नसे.

तापाची गोळी त्यांना निषिद्ध होती. ताप म्हणजे शिपायांनी पेटवलेली भट्टी, ती विझवणारा फितूर, असं त्यांचं मत. मग एकशेदोन तापात ते घोंगडी पांघरून कुडकुडत बसत आणि ताईला म्हणत, "बघ, कसे लढू राहिले." ताई "हो, दिसतंय," म्हणे आणि शेंगदाण्याच्या लाडवात गोळी चुरून त्यांना भरवी. तासाभरात ताप उतरे. दाजी घाम पुसत विजयी मुद्रेने सगळ्यांकडे बघत आणि ताई शांतपणे भाजी निवडत बसे. हा लाडवांचा प्रकार तिने पंधरा-वीस वर्षं चालवला आणि मला तिने शपथ घालून ठेवली होती.

पण त्यांना अडाणी म्हणायची सोय नव्हती. लशीच्या बाबतीत त्यांचं डोकं गावातल्या शिकलेल्यांपेक्षा साफ होतं. कोरोनाची लस आली तेव्हा निम्मं गाव घाबरून मळ्यांत लपलं होतं. तेव्हा हेच दाजी बाही वर करून रांगेत पहिले उभे राहिले, आणि सुई घेतल्यावर घरी न जाता तिथेच खुर्ची टाकून बसले. "बिबट्या उसात आला तर नवखं कुत्रं काय करतं? शेपूट घालतं," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "पण त्याला बिबट्याचा आधी वास दावला असंल, तर ते लांबूनच भुंकतं. लस म्हणजे निस्ता वास हाय. बिबट्या नाय आणला बाटलीत." आमच्याकडे उसात बिबट्या निघणं ही रोजची बाब, त्यामुळे हे लोकांना चटकन पटलं. गावच्या आशाताई अजून म्हणतात, की त्या दिवसांत दाजींची खुर्ची नसती तर बऱ्याच लशी फ्रिजमध्येच राहिल्या असत्या.

याच दिवसांत गुळवेलीचं प्रकरण सुरू झालं. फाटकाजवळच्या कडुनिंबावर दाजींनी गुळवेल चढवली होती. ती हाताच्या मनगटाएवढी जाड झाली. रोज सकाळी तिचा तुकडा कुटून, उकळून काढा करायचा आणि घरात पाऊल टाकणाऱ्याला चहाच्या आधी कपभर पाजायचा. शिपायांचा खुराक! त्याची कडू चव जिभेवरून संध्याकाळपर्यंत जात नसे. आमचे पोस्टमन पत्रं शेजारी टाकून जाऊ लागले ते तेव्हापासून.

असं सगळं हसतखेळत चाललेलं असताना ताईचे पाय सुजू लागले. रक्तदाबाचा त्रास तिला जुनाच होता, अंगावर काढायची सवयही जुनीच. डॉक्टरांकडे नेलं तोवर दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. परत आल्यावर ताई भिंतीकडे तोंड करून झोपून राही, आणि माझ्या जन्मात पहिल्यांदा मी दाजींना ओट्यावर गप्प बसलेलं पाहिलं. किडनी बदलायची ठरली तेव्हा आधी माझी तपासणी झाली. माझा रक्तगट जुळला नाही. तो कागद हातात आला तेव्हा मला दुःख झालं हे खरं, पण त्याच्या आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. सख्ख्या बहिणीच्या बाबतीत असं वाटलं याची लाज मी अजून कुणाला सांगितलेली नाही, इथेच पहिल्यांदा लिहितो आहे. दाजींचं मात्र सगळं जुळलं. ते दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना एकटेच हसत होते. "लग्नात अठराच गुण जुळले होते, मास्तर," ते म्हणाले. "बाकीचे आज जुळले."

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं. नवी किडनी बसली, तरी ताईच्या शरीराच्या दृष्टीने ती परकी. ताईच्या पांढऱ्या पेशी त्या किडनीवर तुटून पडणार. म्हणून त्या पेशींना गप्प ठेवणाऱ्या गोळ्या रोज, वेळेवर, आणि जन्मभर.

दाजींचा चेहरा पडला. "म्हणजे हिचे शिपाई माझ्यावर धावून येणार?"

"तुमच्यावर नाही काका, तुमच्या किडनीवर."

"एकच झालं की, बाई. तेहतीस वर्षं झाली लग्नाला. अजून वळखत नाय?"

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. ताई म्हणाली, "तेहतीस वर्षांत एकदातरी तुमचं ऐकलंय का त्यांनी?" त्या खोलीत आम्ही सगळे हसलो. दाजीही हसले, पण जरा उशिरा.

ऑपरेशन पार पडलं. चैत्रात ताई घरी आली आणि डॉक्टरबाईंची यादी दाजींनी कोनाड्यातल्या त्या पुस्तकात ठेवून दिली: बाहेरचं खाणं नाही, कच्चं नाही, गर्दी नाही, विचारल्याशिवाय दुसरं कुठलंही औषध नाही. ही यादी पाळणं किती अवघड आहे हे शहरातल्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडे माणूस दवाखान्यातून घरी आला, की त्याला बघायला सगळी भावकी येते. नुसती येत नाही, जवळ बसते, तोंडावरून हात फिरवते, पोरं मांडीवर देते. न आलेल्याची आठवण दहा वर्षं ठेवली जाते. पहिल्याच आठवड्यात घोटीहून दाजींच्या आत्या आल्या. नातसून, दोन पतवंडं, सगळ्यांची नाकं गळत होती. दाजींना नाही म्हणता आलं नाही. ज्या घरातून कुणी चहाशिवाय गेलं नाही, त्या घरात आत्याला दारात कसं थांबवायचं?

ताईला सर्दी झाली. साधीच, पण जाईना. कोरडा खोकला, बारीक ताप. डॉक्टरबाईंनी औषध दिलं, काळजी घ्या म्हणाल्या. दाजी रोज तिचा रुमाल बघत. दुसऱ्या कुणाला त्याची किळस आली असती. ते मात्र शिपाई निघाले का हे बघत होते. निघत नव्हते. ज्या माणसाने जन्मभर शिपायांच्या गोष्टी सांगितल्या, त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या बायकोची वेस उघडी पडली होती आणि आतलं सगळं गाव गोळ्या घेऊन झोपलं होतं.

मग त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कुणालाही सुचलं नसतं. सकाळच्या कोमट पाण्यात त्यांनी ताईला गुळवेलीचा काढा द्यायला सुरुवात केली. कपभर नाही, दोनच चमचे. जुन्या काळी गावात रात्रीचा पहारा करणारा एक जागल्या असे; सगळं गाव झोपलं तरी तो जागा. तिच्या अंगात सगळे झोपले तर झोपू देत, एक तरी जागल्या पाहिजे, असा त्यांचा हिशेब. काढा आमच्या घरात कुणाच्या लेखी औषध नव्हताच, जावयापासून पोस्टमनपर्यंत सगळे तो पीत. ताईनेही काही विचारलं नाही. कुणी प्रेमाने काही पाजलं तर विचारू नये, हे तिला लाडवांमुळे चांगलं ठाऊक होतं.

तीन आठवड्यांनी नेहमीची तपासणी झाली आणि क्रिएटिनीन वाढलेलं निघालं. किडनीचं काम बिघडलं की रक्तात ते वाढतं, एवढं आम्हाला एव्हाना कळत होतं. ताईला त्याच दिवशी दाखल करून घेतलं. सुईने किडनीचा तुकडा काढून तपासला. पेशींनी किडनीवर हल्ला सुरू केला होता. डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि त्यांनी विचारलं, "गोळ्या चुकल्या का? दुसरं काही दिलंत का?" मी नाही म्हणणार एवढ्यात दाजी उभे राहिले. वर्गात चूक कबूल करणारा मुलगा उभा राहतो तसे, हात खाली सोडून. "काढा दिला, बाई. गुळवेलीचा. दोन चमचे, रोज. मला वाटलं, एखादा शिपाई जागा ऱ्हावा."

डॉक्टरबाई चिडल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, "काका, यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण असल्या वस्तू त्या पेशींना उठवू शकतात. आणि जागा झालेला शिपाई आधी चोराकडे जाईल की तुमच्या किडनीकडे, हे तुमच्या हातात नाही."

मोठ्या ताकदीची इंजेक्शनं सुरू झाली. किडनी वाचेल की नाही ते तीनचार दिवसांत कळणार होतं. ते दिवस दाजी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होते. कुणी शिंकलं तर उठून लांब जात. रंग विचारत नव्हते. तिसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "मास्तर, किडनी माझी होती. गेली तर मला काय वाटायचं नाय. पण तिची हाय आता ती. मी दिलेली वस्तू मीच परत काढून घेतली असं व्हायला नको." मी आपला बाकावर त्यांच्या शेजारी बसून राहिलो.

चौथ्या दिवशी आकडा खाली आला. नंतर हळूहळू आणखी खाली आला. पंधरा दिवसांनी ताई घरी परतली, आणि त्याच दुपारी दाजींनी कोयता घेऊन कडुनिंबावरची गुळवेल मुळासकट काढली. मी म्हणालो, "तिला नका देऊ म्हणजे झालं, वेल कशाला काढता? तुम्ही प्या की." ते म्हणाले, "माझा माझ्यावर भरोसा नाय." निंबाच्या बुंध्यावर वेलीचे वळ अजून दिसतात.

तेव्हापासून दाजींनी ओटा सोडला आणि फाटकाजवळ खुर्ची टाकली. बाजूला साबण, पाण्याची बादली, धुतलेल्या मास्कांची दोरी. आलेल्याने बाहेरूनच बोलायचं. घोटीच्या आत्या पुन्हा आल्या तेव्हा दाजींनी त्यांना फाटकाबाहेर स्टुलावर बसवलं, चहा तिथेच दिला, आणि वर पाया पडून "आत्या, मला शिव्या द्या, पण आत नाय," असं म्हटलं. आत्यांनी दिल्या. स्वतःला जराशी कणकण वाटली तरी दाजी मळ्यातल्या खोलीत आठ आठ दिवस राहायला जातात आणि तापाची गोळी सगळ्यांदेखत पाण्याबरोबर घेतात. पहिल्यांदा घेतली तेव्हा ताईने त्यांना लाडवांची गोष्ट सांगून टाकली. ते म्हणाले, "तरीच शिपाई तासाभरात जिंकायचे."

यंदा भाऊबीजेला मी सकाळीच निघालो. घशात थोडं खवखवत होतं, पण जी बहीण हातची जाता जाता राहिली, तिच्याकडे या वर्षी न जाणं मला जमणार नव्हतं. मळा झेंडूने पिवळाजर्द झाला होता. दाजी फाटकात होते. मी स्कूटर लावली आणि नेमका शिंकलो.

दाजी उभे राहिले. मीही ओळखलं. "जातो मी," म्हणालो, "नंतर येईन." तोवर ओट्यावर ताई ताट घेऊन आली होती. नवं लुगडं, तोंडाला मास्क, ताटात निरांजन. ती तिथूनच म्हणाली, "अहो, एकच भाऊ आहे मला."

दाजी तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. आत्यांना थोपवणारा तो माणूस पुरता पेचात सापडला होता. शेवटी त्यांनी फाटकापासून ओट्यापर्यंत ढांगा टाकून अंतर मोजलं. बावीस भरल्या. मग झेंडूचं एक फूल खुडून, पाकळ्या कुस्करून हवेत उधळल्या आणि त्या कुठे जातात ते बघितलं. पाकळ्या माझ्या दिशेने आल्या. वारा ओट्याकडून फाटकाकडे होता. "तिथनंच ओवाळ," ते ताईला म्हणाले. "मास्तर, तू हलू नको."

बावीस ढांगांवरून ताईने मला ओवाळलं. निरांजनाची ज्योत दिवसाउजेडी मला दिसतही नव्हती, नुसता तिचा हात गोल फिरताना दिसत होता. कुंकवाची डबी दाजींनी फाटकाच्या खांबावर आणून ठेवली आणि मीच माझ्या कपाळाला कुंकू लावून घेतलं. साडीचं पाकीट मी खांबावर ठेवलं, तेव्हा ते म्हणाले, "दोन दिवस उन्हात ठेवतो, मग देतो तिला." ताई तिकडून हसत होती. तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच वर्षांनी लाली दिसली.

मी स्कूटर वळवली. दाजी फाटकाशी आले, चार हात लांब थांबले आणि मास्कच्या आतून हळूच म्हणाले, "रंग कसला हाय?"

कितीतरी महिन्यांनी हा प्रश्न मी ऐकत होतो. मी खिशातला रुमाल उघडून बघितला. "पाण्यासारखा," मी सांगितलं.

"म्हणजे निघाले तुझे शिपाई." त्यांनी समाधानाने मान हलवली. मग वळून ओट्याकडे बघितलं. ताई निरांजन विझू नये म्हणून हाताचा आडोसा करून आत जात होती. "ज्याचे जागे असता त्याला त्यांची किंमत कळत नाय रे, मास्तर," ते म्हणाले, फाटकाची कडी नीट लावली आणि परत खुर्चीवर जाऊन बसले.